धाऊबाबांचं वारं

भगीरथ वेखंडे यांनी एसी घेतला तो उकाड्याला कंटाळून नव्हे. टोकावड्यात जन्म काढलेल्या माणसाला उकाड्याचं काय कौतुक? एसी घ्यावा लागला तो तोंडातून सुटलेल्या एका शब्दापायी, आणि तो शब्द म्हणजे 'आहे'.

झालं असं, की आटगावला लेकीचं, नम्रताचं, डोहाळजेवण होतं. पंगत उठल्यावर व्याही हनुमान विशे दात कोरत म्हणाले, की पहिल्या बाळंतपणाला सून माहेरी जाते ही रीतच आहे, आपण कशाला मोडायची? पण डॉक्टरीणबाईंनी तिला उन्हाळ्यात जपायला सांगितलंय. आमच्याकडे एसी आहे. तुमच्याकडे... आणि विशे थांबले. त्या थांबण्यात अख्ख्या टोकावड्याची लायकी काढलेली होती. आधीच या गृहस्थांना आपल्या गावात रेल्वे स्टेशन असल्याचा भारी ताठा. स्टेशन जणू त्यांच्या पूर्वजांनी बांधून सरकारला आंदण दिलं होतं. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही हा विषय ते दर भेटीत कुठून ना कुठून काढत. लग्नाची बोलणी चालू असताना हुंड्याचा काढला नाही, पण हा काढला होता. भगीरथभाऊंच्या मानेची शीर ताठ झाली आणि ते म्हणाले, "आहे."

मैनावहिनी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे फक्त पाहिलं. आटगावहून शहापूर, तिथून किन्हवलीमार्गे जीप, एवढ्या वाटेत त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. सरळगावला गाडी बदलताना पदराने घाम पुसत त्यांनी विचारलं, "कवा घेतला?"

तेव्हा एसी आला. हप्त्यांवर आला, पण आला.

तो लावायचा कुठे, यावर शेजाऱ्यांनी ओटीवर जमून मतं दिली. कोणी म्हणालं, पूर्वेच्या भिंतीला लावा. कोणी म्हणालं, बाहेरचा डबा देवळाच्या दिशेने तोंड करून नको, देवाला झळ लागते. शेजारच्या भिमीकाकूंनी आधी लिंबू-मिरची बांधायला लावली आणि मग मत दिलं. घरात पक्क्या स्लॅबची खोली मात्र एकच होती, ती म्हणजे भगीरथभाऊंच्या वडिलांची. धाऊबाबांची. त्यामुळे सगळ्यांची मतं ऐकून एसी तिथेच लागणार होता. भिमीकाकू तेवढ्यापुरत्या गप्प झाल्या आणि निघताना दारात वळून म्हणाल्या, "म्हाताऱ्याच्या खुर्चीवर मशीन टांगता, निदान त्याला इचारा तरी."

धाऊबाबांना जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्यांची वेताची आरामखुर्ची अजून भिंतीला लागून तशीच होती. त्या खुर्चीत बसून या माणसाने एकच उद्योग आयुष्यभर केला, सरकारला बोलण्याचा. सरकारं बदलली, बाबांनी भेदभाव केला नाही. भगीरथभाऊ मुरबाडच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर, म्हणजे बाबा सकाळच्या एसटीने जाऊन तक्रारअर्ज द्यायचे तोही पोटच्या मुलाच्या हातात. मुलगा शिक्का मारून पोच द्यायचा आणि म्हणायचा, "येणार बाबा, उत्तर येणार." बाबा पोच टोपीत खोचून म्हणायचे, "नाय येनार." रेल्वे, पाणी, दवाखान्याचा डॉक्टर, सगळ्यांबद्दल त्यांचं भाकीत एवढंच होतं. आणि वाईट हे, की ते कधी चुकलं नाही.

एसी बसवायला मुरबाडहून प्रज्वल नावाचा मेकॅनिक आला. त्याने पाइपासाठी खुर्चीच्या डोक्यावर भिंतीला आरपार भोक पाडलं. भोकातून विटकरी धूळ पडली आणि पाठोपाठ बिडीचा वास आला. खोलीत बिडी ओढणारं कोणी उरलं नव्हतं. प्रज्वल म्हणाला की ड्रिलची वायर तापली असेल. त्याने वायर हुंगली, भगीरथभाऊंनीही हुंगली, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता काम पुढे चालू ठेवलं.

पहिला दिवस राजासारखा गेला. भगीरथभाऊंनी अंगावर शाल घेतली आणि शालीसकट फोटो काढून व्याह्यांना पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. तो अंगठा त्यांनी मैनावहिनींना दोनदा दाखवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपार भरली तशी गावातली हालचाल थांबली. सागाची पानं गळून गेलेली, रस्त्यावर एसटी नाही, ओटीवरचं कुत्रं उठून कुठे निघून गेलं तेही कळलं नाही. टोकावड्यात या वेळी सगळ्यांचे पंखे एकदम फिरतात आणि कोपऱ्यावरच्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून येणारी लाईट अशक्त होऊन जाते. बल्ब पिवळा पडला. एसीची घरघर खोल गेली. मग त्याने घसा खाकरला, अगदी माणसासारखा, आणि म्हणाला, "नाय येनार."

भगीरथभाऊ आडवे होते ते उठून बसले. मैनावहिनी दारात ताट घेऊन उभ्या होत्या. दोघांनीही ऐकलं होतं. आवाज बाबांचा होता, शेवटच्या वर्षीचा, छातीत कफ असलेला.

"व्होल्टेज कमी आहे," भगीरथभाऊ म्हणाले.

सरकारी नोकराला भुताखेतांवर विश्वास ठेवण्याची सोय नसते. सोमवारी रजा टाकून ते वीज ऑफिसात गेले. तिथे जे घडलं ते त्यांना एसीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांच्या कार्यालयात सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणतो, इथल्या पोराने मान वर न करता "काका, काय काम?" असं विचारलं. साहेब साइटवर गेले होते. अर्ज आवकला द्यायचा होता, आवकवाला जेवायला गेला होता, आणि घरात एसी लावण्यापूर्वी विजेचा मंजूर भार वाढवून घेतला होता का, असा उलट प्रश्न त्यांनाच आला. यातलं प्रत्येक वाक्य भगीरथभाऊंना पाठ होतं. ती त्यांचीच वाक्यं होती, वर्षानुवर्षं काउंटरच्या आतून वापरलेली. बाहेरून ती कशी लागतात हे मात्र त्यांना आज कळलं. शेवटी तो पोरगा म्हणाला की डीपी बदलायचा प्रस्ताव वर गेलाय, नवीन डीपी येणार.

"नाय येनार," भगीरथभाऊ म्हणाले, आणि आपल्याच आवाजाला दचकून ऑफिसाबाहेर पडले.

घरी आल्यावर त्यांनी प्रज्वलला फोन लावला. रेंज ओटीच्या टोकालाच येते आणि तिथेही ओरडूनच बोलावं लागतं. भगीरथभाऊ ओरडून म्हणाले, "अरे, वारं येतंय. वारं चांगलं येतंय. पण ते बोलतं रे!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे वारं दोन तऱ्हेचं. एक पंख्याचं, झाडाचं, अंगाला लागणारं. दुसरं अंगात येणारं. जत्रेत भगताच्या अंगात येतं, तो घुमतो, बोलतो, लोक त्याला प्रश्न विचारतात, तेही वारंच. कुंपणापलीकडे भिमीकाकू कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "वारं कुठं आलंय, भाऊसायेब?" भगीरथभाऊंनी फोन कानाला तसाच धरून सांगितलं, की बाबांच्या खोलीत. भिमीकाकूंनी कुरडया तिथेच टाकल्या आणि हात जोडले.

प्रज्वल आला तेव्हा ओटीवर चपलांचा ढीग होता. त्याने एसी उघडला, जाळी धुतली, गॅस बघितला, मशीन चालू केलं आणि ऐकत उभा राहिला. एसीने खाकरून आपलं म्हणणं मांडलं. प्रज्वलने हत्यारं पिशवीत भरली. कॉम्प्रेसर, पाइप, फॅन सगळ्याची जबाबदारी आपली, पण हे वॉरंटीत येत नाही, असं त्याने अदबीने सांगितलं, जाताना खुर्चीच्या पाया पडला आणि पुन्हा फोन उचलला नाही.

मग दुपारच्या दुपारी माणसं येऊ लागली. नारळ घेऊन येत, कपाळाला अंगारा लावून घेत, चौकटीशी बसत आणि एसीला विचारत. वरच्या पाड्याला पाण्याचा टँकर येनार का? नाय येनार. शाळेला दुसरा मास्तर येनार का? नाय येनार. भाताची भरपाई? तेच. आणि पडताळून पाहिलं तर एकही गोष्ट आली नाही, त्यामुळे बाबांची ख्याती पार सरळगावपर्यंत पसरली. गावातल्या एका कार्यकर्त्याने एसी विरोधी पक्षाचा असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याने विचारलं, कोणत्या विरोधी पक्षाचा, कारण हल्ली कोण कुठे आहे ते सांगणं बाबांनाही कठीण. भगीरथभाऊ मुरबाडला कार्यालयात गेले तर शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या बढतीचं तेवढं विचारा." भाऊसाहेब आता वाऱ्यावाले भाऊसाहेब झाले होते.

हसू यावं असंच सगळं होतं, पण त्या खोलीत कोणी हसत नसे. एसीचं वारं खोलीत इतरत्र नावाला लागायचं. खुर्चीपाशी मात्र गारठा असायचा, ओल्या मातीच्या माठात हात घातल्यासारखा. भिमीकाकूंनी खुर्चीपुढे चहाची कपबशी ठेवली तर चहावर लगेच साय धरली. आणि वेताची बैठक मधोमध जरा खाली गेलेली दिसायची. ती तशीच होती की नव्याने दबली होती, हे कोणाला खात्रीने आठवेना.

मैनावहिनी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. दारातून ऐकायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. त्यांना टँकरशी आणि मास्तरशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या मनात एकच होतं. बाबा पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांना कोणी काहीच विचारलेलं नव्हतं. मग नाय येनार ते कोण? नम्रताला आणायचे दिवस जवळ आले होते. कपाटात तिच्यासाठी डिंक, खारीक आणून ठेवलं होतं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. आणि बाबांचं बोलणं तर कधी खोटं ठरलेलं नाही.

भगीरथभाऊंनी त्यांना दोनदा समजावलं की हा कमी व्होल्टेजचा परिणाम आहे. तिसऱ्यांदा समजवायला गेले ते स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरले.

त्यांनी एसी काढून टाकायचंही ठरवलं होतं. एका दुपारी सगळे गेल्यावर ते स्टुलावर चढले, पान्याने नट धरला आणि वरून आवाज आला, खोकला आधी आणि मग ते दोन शब्द. भगीरथभाऊ तसेच उभे राहिले. दोन पावसाळ्यांत या घरात त्यांना कोणी एकदाही खोडून काढलं नव्हतं. ते उत्तरले, "येणार, बाबा." एसी म्हणाला, "नाय येनार." पाच-सात वेळा तसंच झालं. मग ते खाली उतरले, पाना जागेवर ठेवला आणि ओटीवर जाऊन बराच वेळ उपरण्यात तोंड घालून बसले. बाबांची त्यांना इतकी आठवण येत होती हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. सरळगावपर्यंत गेलेली ख्याती किन्हवलीच्या जीपमध्ये चढली आणि आटगावला उतरली. हनुमान विश्यांचा फोन आला. ते फार गोड बोलले, त्यावरूनच भगीरथभाऊंनी ओळखलं. तुमच्या घरात वारं आहे म्हणतात. आमचा काय असल्या गोष्टींवर विश्वास नाय, पण पोटुशी बाई आहे, घरातल्या बाया ऐकत नायत. बाळंतपण इथंच करू. आमच्याकडे एसी आहे, तो बोलत नाय. आणि रेल्वेही आहे, काही लागलं तर लगेच कल्याण.

मैनावहिनींनी फोन ऐकला आणि देवापुढे जाऊन बसल्या. त्या रडल्या नाहीत, त्याचं भगीरथभाऊंना जास्त भय वाटलं. रात्री भगीरथभाऊंनी व्याह्यांना परत फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसापुढे आवाज खाली आणून म्हणाले, की एकदा स्वतः या, खोलीत बसा, बघा, आणि मग ठरवा. विशे म्हणाले, बघतो. सरकारी नोकर नसूनही त्यांना तो शब्द छान जमला.

पण ते आले. भरदुपारी, स्वतःच्या गाडीने, पांढरा शर्ट घालून. दारातला चपलांचा ढीग पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. गावाला खबर होतीच, खोली आणि ओटी भरलेली. भगीरथभाऊंनी व्याह्यांना खुर्चीजवळ पाट दिला, हातात रिमोट घेतला, बटण दाबलं, आणि लाईट गेली.

लाईट नेहमीच जायची. पण तिने हीच वेळ साधावी, याचं भगीरथभाऊंना इतकं लागलं की त्यांच्या तोंडून सरकारबद्दल जे निघालं ते बाबांनीही कधी माणसांत म्हटलं नव्हतं. पंखा हळूहळू थांबला. एसीचा बारीक दिवा विझला. विशे कपाळ टिपत म्हणाले, की हे असं आहे, व्याहीबुवा. तुमचा दोष नाय. पण सून मी या उकाड्यात पाठवू कशी?

तेव्हा मैनावहिनी दारातून आत आल्या. गर्दीने वाट दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खुर्चीपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर नीट करून त्यांनी विचारलं, "बाबा, तुमची नात येनार का नाय?"

बाहेर एक पानसुद्धा हलत नव्हतं. बंद मशीनकडे सगळे बघत राहिले. विशे काही बोलायला तोंड उघडणार, तोच वरून कोणीतरी घसा खाकरला.

"आली."

एवढंच. आवाज कफाचाच, पण त्यात बाबांच्या तोंडून कधी कोणी न ऐकलेली खुशी होती. मग मागून एक जण म्हणाला, की लाईट आली असेल, गल्लीत कोणी पोरगं ओरडलं असेल. आपल्याकडे लाईट आली की सगळं गाव असंच ओरडतं, तेव्हा म्हणणं पटण्यासारखं होतं. सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा बंद होता.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. ओटीवरची माणसं बाजूला झाली आणि नम्रता आत आली, एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर. सासऱ्यांची गाडी निघाल्यावर ती सासूला सांगून मागल्या जीपने निघाली होती, किन्हवलीला गाडी बदलून, उन्हातान्हात. बापाने काळजीने काही विचारायच्या आत ती म्हणाली, "पप्पा, सगळं गाव येऊन आजाचा आवाज ऐकून गेलं आणि मला कोणी बोलावलं नाय."

मैनावहिनी तिला धरायला पुढे झाल्या. ती आईला बिलगली आणि मग कोणाला न विचारता सरळ जाऊन आजाच्या खुर्चीत बसली. लहानपणी ती त्याच खुर्चीत, त्यांच्या मांडीवर बसून सरकारला बोलायला शिकली होती. तिने डोळे मिटले, पोटावर हात ठेवले आणि मान मागे टाकली.

"आई गो, किती गार आहे इथं," ती म्हणाली.

भिमीकाकूंनी पदर अंगाभोवती लपेटला. आता सगळ्यांनाच लागत होतं. मशीन बंद, पंखा बंद, आणि गारवा खुर्चीपासून निघून पाटापर्यंत, पाटापासून दारापर्यंत पसरत चालला होता, त्यात बिडीचा पुसट वास. हनुमान विशे पाटावर आक्रसून बसले होते. नाकाचा रुमाल त्यांनी गळ्याभोवती गुंडाळला, हात बगलेत घातले. सुनेला परत नेण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. थोड्या वेळाने ते खालच्या आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, राहू दे तिला इथं. पण हे जरा कमी करता का?"

भगीरथभाऊंनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं आणि तो खिडकीत ठेवून दिला. मग ते सावकाश खुर्चीपाशी गेले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या वर, भिंतीकडे बघत म्हणाले, "बाबा, पोरीला बाधेल. थोडं कमी करा."

हयातीत बाबांनी त्यांचं एकही ऐकलं नव्हतं.

कमी झालं.